नट, वायसर आणि दागिना

(जव्हार इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस नट-बोल्टांच्या दागिन्यांवर काय बोलणार? पण माझं घर फिटरचं. वडिलांच्या हातात कानस होती, माझ्या हातात पुस्तक आलं. त्यामुळे या विषयाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहू शकतो, आणि तसंच आज बोलणार आहे.

विषय थोडक्यात असा. कारखान्यातून, गॅरेजमधून, भंगारातून मिळणारे नट, वायसर, सायकलची चेन, जुन्या किल्ल्या, करवतीची पाती, नळाचे पितळी भाग यांतून अंगठ्या, पदकं, कडी, कानातली करता येतात. जगात बऱ्याच ठिकाणी केलीही जातात. समोर आयटीआयची मुलं बसली आहेत, बचत गटांच्या बायका मोखाड्याहून आल्या आहेत. तुम्हाला यात काम दिसतं आहे, म्हणून तुम्ही आलात. मी तीन गोष्टी घेणार आहे. दागिना म्हणजे नेमकं काय, हा पहिला प्रश्न. हे काम हाताने कसं होतं आणि त्यात काय सांभाळायचं, हा दुसरा. आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: अशा दागिन्याला दागिना म्हणायचं की नाही, हे कोण ठरवतं?

दागिन्यात हार्डवेअर आधीपासूनच आहे

आधी एक गैरसमज काढून टाकू. नट-बोल्ट आणि दागिना ही दोन वेगळी जगं आहेत असं आपल्याला वाटतं. बायकांनो, कानातली कुडी काढून बघा. मागे काय आहे? आटे पाडलेली दांडी आणि तिच्यावर बसणारी फिरकी. म्हणजे बोल्ट आणि नट. सोन्याचा आहे, इवलासा आहे, पण नटच. तोड्याला पेच असतो, कमरपट्ट्याला बिजागरी असते, हाराला आकडा आणि कडी असते. सोनार आणि फिटर यांची हत्यारंही बघा: ऐरण, हातोडी, कानस, पक्कड, चिमटा. फरक आकाराचा. ‘सोनाराचे शंभर घाव, लोहाराचा एक’ म्हणतात, पण घाव दोघंही घालतात.

शब्दसुद्धा हेच सांगतात. ‘पेच’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ पीळ, वळसा. पीळ असलेला खिळा तोही पेच, म्हणजे आपला इस्क्रू. आणि पगडीवर खोवायचा दागिना तो शिरपेच. तुमच्या जव्हारजवळच शिरपामाळ आहे. शिवाजी महाराज 1664 च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना तिथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत करून मानाचा तुरा त्यांच्या शिरपेचात खोवला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं इथे सांगितलं जातं. राजाच्या डोक्यावरचा पेच आणि दाराच्या कडीचा पेच हे शब्दाने सख्खे भाऊ आहेत.

उलटी वाटही आहे. वापराची वस्तू अंगावर येते आणि हळूहळू दागिन्यात जमा होते. घरच्या किल्ल्या कमरेला अडकवायचा चांदीचा छल्ला आठवा. किल्ल्या म्हणजे निव्वळ हार्डवेअर, पण त्या ज्या बाईच्या कमरेला असत, तिचा घरातला अधिकार त्या खुळखुळाटातून कळायचा. आणि आजचं उदाहरण म्हणजे सेफ्टी पिन. मंगळसूत्राला किंवा बांगडीला दोन-तीन पिना अडकवलेल्या बायका या सभागृहातही असतील. ही पिन वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने 1849 साली शोधली आणि तिचं पेटंट त्याने 400 डॉलरला विकून टाकलं. सव्वाशे वर्षांनी, 1970 च्या दशकात, लंडनच्या पंक तरुणांनी तीच पिन कानात आणि कोटावर लावली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली. ती बंडाची खूण ठरली, फॅशन ठरली. आपल्या बायकांच्या पिनेला मात्र कुणी काहीच म्हटलं नाही. वस्तू एकच, दोन्हीकडे अंगावरच. मग एकीची फॅशन आणि दुसरीची सोय, असं का? हा प्रश्न बाजूला ठेवू, शेवटी लागणार आहे.

झिजलेल्या लोखंडाची किंमत

आता अंगठीकडे येऊ. काळ्या घोड्याच्या नालेची किंवा नावेच्या खिळ्याची अंगठी शनीसाठी मधल्या बोटात घालतात, हे तुम्हाला माहीत आहे. शनीचा भाग सोडून द्या, त्यावर माझा विश्वास नाही आणि तो आजचा विषयही नाही. मला त्यातली एक अट महत्त्वाची वाटते. लोखंड नवं चालत नाही. नाल घोड्याच्या पायात झिजलेली हवी. खिळा नावेत राहिलेला, पाणी खाल्लेला हवा. म्हणजे ज्याने काम केलं आहे, तेच लोखंड बोटात घालायच्या लायकीचं.

सोन्याशी याची तुलना करा. जुना दागिना मोडायला नेला की सोनार काय करतो? घट धरतो. सोन्याच्या हिशेबात झीज म्हणजे तोटा. या लोखंडी अंगठीच्या हिशेबात झीज हाच गुण. म्हणजे मोल ठरवायच्या दोन पद्धती आपल्याच समाजात शेजारी-शेजारी नांदताहेत: एक धातूचं वजन आणि कस बघते, दुसरी वस्तूचं आयुष्य बघते. भंगारातून दागिना करणारा माणूस दुसऱ्या पद्धतीवर उभा असतो.

युरोपातही याचं एक ठळक उदाहरण आहे. 1813 साली प्रशिया नेपोलियनशी लढत होता. राजघराण्यातल्या मारियाने या राजकन्येने स्त्रियांना आवाहन केलं की सोन्याचे दागिने युद्धासाठी द्या. बदल्यात त्यांना लोखंडाच्या अंगठ्या मिळाल्या, सोनं देऊन लोखंड घेतलं अशा अर्थाचा मजकूर असलेल्या. पुढे ती काळी अंगठीच प्रतिष्ठेची झाली. बोटात सोनं दिसलं तर लोक विचारणार, तुम्ही दिलं नाही वाटतं? काही काळ लोखंड सोन्यापेक्षा वरचढ ठरलं, कारण त्याच्यामागे काय घडलं ते सगळ्यांना माहीत होतं.

उद्दालक, भंगारवाला आणि कारागीर

आता थोडं माझ्या विषयाचं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, शिकवतात. बारा वर्षं शिकून मुलगा जरा ताठ होऊन घरी आलेला असतो. वडील तीन दाखले देतात. मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं. एक लोहमणी कळला की त्या धातूचं सगळं कळतं. ‘लोह’ या शब्दाचा जुना अर्थ तांबूस धातू असाही होता, आणि शंकराचार्य इथे सोन्याचा पिंड असा अर्थ घेतात. आणि तिसरा दाखला आहे नखं काढायच्या हत्याराचा. ते एक कळलं की लोखंडाचं सगळं कळतं. घडणी वेगवेगळ्या, त्या नुसत्या बोलण्यापुरत्या, नावापुरत्या. खरा तो धातू.

बघा हं, धातूचा मणी आणि हातातलं हत्यार हे त्या ऋषीने एका दमात, शेजारी-शेजारी ठेवले आहेत. आपला आजचा विषय तिथे जवळजवळ तयारच आहे.

पण उद्दालकांचं म्हणणं बाजारात नेलं तर काय होतं? भंगारवाला पक्का उद्दालकाचा शिष्य आहे. तुम्ही त्याच्याकडे पाना न्या, बेअरिंग न्या, कुणी मेहनतीने घडवलेली अंगठी न्या. तो काटा काढणार आणि लोखंड किलोने, पितळ किलोने घेणार. त्याच्या लेखी आकार म्हणजे नुसतं नाव. आपल्याकडे दुसरं दर्शन आहे, वैशेषिकांचं. ते म्हणतात, सूत एकत्र आलं की कापड ही नवीच वस्तू सुरू होते. सुताने थंडी भागत नाही, कापडाने भागते, मग ती निराळी वस्तू नाही कशी? कारागीर हा या मताचा. तो म्हणतो, नट घासून मी अंगठी केली तेव्हा जगात एक नवी वस्तू आली.

मला विचाराल तर मोक्षासाठी उद्दालकांचं ऐका आणि पोटासाठी वैशेषिकांचं. कारण मजुरी ही आकाराची असते. ज्या दिवशी तुमचा माल कुणी किलोने मागेल, त्या दिवशी समजा की तुमची मेहनत त्याने शून्यावर धरली आहे.

आणखी एक विचार घेतो आणि हा भाग संपवतो. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने 1927 सालच्या ग्रंथात हातोडीचा दाखला दिला आहे. हातोडी नीट चालत असते तोवर सुताराला ती दिसतच नाही; त्याचं लक्ष कामात असतं. ती मोडली, हातात आली नाही, की मग वस्तू म्हणून ती डोळ्यांसमोर उभी राहते. सायकलची चेन तुम्ही कधी बघता? ती उतरते तेव्हा. दागिना करणारा हेच काम मुद्दाम करतो. तो वस्तू कामातून काढतो आणि म्हणतो, आता बघ हिच्याकडे. षट्कोन किती नेमका आहे बघ, आट्यांची रेघ बघ.

ॲनी अल्बर्सचा हार

आधुनिक काळात हे ज्यांनी जाणीवपूर्वक केलं त्यांत ॲनी अल्बर्स यांचं नाव आधी घ्यावं लागेल. जन्म बर्लिनचा, 1899 चा. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत त्या विणकाम शिकल्या. नाझी सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये नवऱ्याबरोबर त्या अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेल्या. पुढे मेक्सिकोत त्यांनी माँते अल्बान इथल्या प्राचीन थडग्यात सापडलेले दागिने पाहिले. त्यांत सोन्याच्या जोडीला शिंपले, हाडं, स्फटिक असं सगळं बिनदिक्कत गुंफलेलं होतं. सोनं आणि शिंपला एकाच माळेत शोभतात, तर मग आपल्या काळातली साधी वस्तू का नको? त्या आणि त्यांचा विद्यार्थी ॲलेक्स रीड हार्डवेअरच्या दुकानात शिरले. बेसिनची जाळी, कागदाला लावायच्या क्लिपा, केसांच्या पिना, बुचं आणि वायसर. फितीत ओवलेल्या ॲल्युमिनियमच्या वायसरांचा हार झाला, जाळीचं पदक झालं आणि क्लिपांची झालर. 1941 साली न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीत ते मांडले गेले.

त्यांनी वस्तूचं मूळ रूप लपवलं नाही. वायसर वायसरच दिसतो. त्याला सोनेरी रंग फासून सोन्याचा आव आणलेला नाही. तुम्ही काम करणार असाल तर हा धडा घ्यावा. लोखंडाला सोन्याची नक्कल करायला लावली की ते नकली सोनं होतं. लोखंड म्हणूनच नीट घासलं की खरं लोखंड राहतं.

टाकाऊ कुणी ठरवलं?

शाळेत आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकलो. पण टाकाऊ हा वस्तूचा गुण नाही, तो मालकाचा निकाल आहे. ज्याच्याकडे दुसरी वस्तू आहे त्यालाच पहिली टाकता येते.

तुमच्या भागातलं घर बघा. कोयता झिजला तर लोहाराकडून शेवटून घेतात. पातं अगदी बारीक झालं तर त्याचा विळा किंवा खुरपं होतं. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तर पुन्हा कोयता होऊन शेतात येतो. इथे भंगार फार उशिरा जन्माला येतं. म्हणून पहिला नियम असा ठेवा की चालतं हत्यार मोडायचं नाही. दागिन्यासाठी चांगला पाना कापणं हा माझ्या वडिलांच्या भाषेत गुन्हा होता. खंडेनवमीला आपण अवजारांना झेंडू वाहतो, कुंकू लावतो. आधी हत्याराला दागिना घालायचा, त्याचं काम संपलं की मग ते दागिना होऊन अंगावर येईल. क्रम हा असा.

आणि दागिना इथे नुसती शोभा कधीच नव्हता. चांदीच्या रुपयांना कड्या लावून केलेली माळ आदिवासी बायकांच्या गळ्यात असे. 1940 पर्यंतचा रुपया साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा आणि बाराव्या हिश्श्याला अकरा भाग चांदीचा. पुढे चांदी निम्म्यावर आली आणि 1947 पासून रुपया निकेलचा झाला. रुपयाची माळ म्हणजे चालतं नाणं बाजारातून काढून गळ्यात घातलेलं. आपल्या विषयाच्या भाषेत, वापरातली वस्तू कामातून काढून दागिना केलेली. पण ती बँकसुद्धा होती. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, बांधकामावर जायची वेळ येते, आजारपण येतं, तेव्हा गळ्यातली माळ सावकाराकडे जाते. नटांची माळ कुणी गहाण ठेवून घेणार नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. हा माल विकायचा आहे. घरच्या बचतीची जागा तो घेणार नाही.

हाताने करायचं तर

आता कामाचं बोलतो. यंत्रं फार लागत नाहीत. व्हाइस, दोन-तीन कानशी, हॅक्सॉ, पक्कड, डिसमिस, हातड्रिल, पॉलिश पेपर एवढ्यावर सुरुवात होते.

पहिला पाठ अंगठीचा. एम 20 चा नट घ्या. त्याच्या आट्यांच्या आतला व्यास 17.3 मिलिमीटरच्या जवळ असतो, म्हणजे मध्यम बोटाचं माप. बाहेरून सपाट बाजूंमध्ये 30 मिलिमीटर. आतले आटे घासून गुळगुळीत करायचे, बाहेरचे कोपरे उतरवायचे, कडेची बर काढायची. मग पॉलिश पेपर 220, 400, 600, 1000 असा चढत्या क्रमाने. आटे घासले की माप थोडं वाढतं, हे लक्षात ठेवा. ज्याला फायलिंग येतं त्याला हे येणारच.

दुसरा पाठ चेनचा. सायकलच्या चेनचा एक टप्पा अर्ध्या इंचाचा, 12.7 मिलिमीटरचा. चौदा टप्पे घेतले की सतरा-अठरा सेंटीमीटरचं मनगटाचं कडं होतं. खरा त्रास असतो ग्रीसचा. रॉकेलमध्ये भिजवून ब्रशने घासायची, मग साबणाच्या उकळत्या पाण्यात, मग लगेच कोरडी. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे ना? साधं लोखंड एका रात्रीत तांबारतं. म्हणून शेवटी मेणाचा पातळ हात द्यायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, अंघोळीला जाताना काढा.

तिसरा पाठ धातू ओळखण्याचा. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळ म्हणून दिलेला तुकडा चुंबकाला चिकटला, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. तापवून मऊ करायचं असेल तर आणखी एक फरक ध्यानात ठेवा. पितळ मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं तर ते मऊच राहतं, वाकवता येतं. पण कानशीचं किंवा करवतीचं कार्बनी पोलाद लाल करून पाण्यात टाकलं तर ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. आग तीच, पाणी तेच, पण स्वभाव वेगळा.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. घासून चकचकीत केलेलं साधं पोलाद हळूहळू तापवा. 220-230 अंश सेल्सिअसच्या सुमाराला फिकट पिवळा रंग येतो, 260 च्या आसपास तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 च्या जवळ निळा. हवा तो रंग आला की तिथेच थांबवायचं. हा रंग लावलेला नाही. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर येतो आणि त्यातून प्रकाशाचे रंग दिसतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे. वायसरांची अख्खी माळ अशी पिवळ्यापासून निळ्यापर्यंत चढवता येते. रंगाचा डबा लागत नाही.

आता धोके. हे मात्र नीट ऐका.

जस्ताचा मुलामा असलेला माल, म्हणजे जस्ती नट-बोल्ट, कधीही तापवायचा नाही. त्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जुन्या पिवळसर मुलाम्याच्या बोल्टांवर कॅडमियम असू शकतं, ते त्याहून वाईट. असा माल घेऊच नका.

नळाच्या पितळी भागांत, सहज कापता यावं म्हणून, थोडं शिसं मिसळलेलं असतं. लहान मुलांसाठी त्याचं काही करू नका. मुलं वस्तू तोंडात घालतात. जोडकामाला शिशाचं सोल्डर वापरू नका.

चकचकीत मुलाम्याच्या मालात बहुधा निकेल असतं. निकेलने बऱ्याच जणांना खाज सुटते, चट्टे येतात. मंगळसूत्राच्या पिनेखाली गळ्याला चट्टा येतो, त्याचं एक कारण हेच असू शकतं. युरोपात अंगाला लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा कायदा आहे, आणि टोचलेल्या भागासाठी मर्यादा 0.2 आहे. म्हणून कानातल्याची लोंबती पदकं खुशाल भंगाराची करा, पण कानाच्या भोकात जाणारी तार चांदीची किंवा टायटॅनियमची, विकत आणलेली. ‘सोनाराने कान टोचावेत’ ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे.

बेअरिंग हातोडीने फोडायचं नाही. कडक पोलादाची चिपळी डोळ्यात जाते. चष्मा लावल्याशिवाय ड्रिल नाही.

आणि शेवटचा धोका कायद्याचा. माल कुठून आला ते माहीत हवं. रेल्वेच्या रुळाची क्लिप, विजेच्या लाइनची तार, कुणी स्वस्तात दिली तरी हात लावू नका. रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. गॅरेजमधून घ्या, दुकानातून घ्या, पावती घ्या. गरिबाच्या झोळीतल्या भंगाराकडे पोलीस वेगळ्या नजरेने बघतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

नाव कुणाचं?

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न. लंडनच्या मुलाची पिन फॅशन आणि मोखाड्याच्या बाईची पिन सोय, असं का? न्यूयॉर्कच्या गॅलरीतला वायसर कला, आणि इथल्या मुलाने दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेला वायसर पोरखेळ, असं का? वस्तूत फरक नाही. फरक आहे तो तिला नाव देणाऱ्याच्या जागेत. उद्दालक म्हणाले, घडण म्हणजे नुसतं नाव. मी विचारतो, नुसतं कसं? त्या नावावरच तर किंमत उभी आहे. म्हणून नाव कोण देतो हे बघायलाच हवं.

तुमच्याच जिल्ह्यात हे घडून गेलं आहे. लग्नघरात चौक लिहिण्याचं काम वारली सुवासिनींचं, आणि लग्न लावायला धवलेरी, तीही बाईच. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले, त्यांनी चित्र काढणाऱ्यांच्या हातात कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले, जगभर गेले, 2011 साली पद्मश्री झाले. त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण भिंतीवरून कागदावर येताना दोन गोष्टी घडल्या. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायकांची नावं मागे राहिली. आणि पुढे त्या आकृत्या कपबशीपासून बसथांब्यापर्यंत कुणीही छापायला लागलं. छापणाऱ्याला पैसे मिळाले, पाड्यावर काय पोचलं ते तुम्ही जाणता.

म्हणून दागिन्याच्या कामात पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी ठरवा. प्रत्येक वस्तूबरोबर करणाऱ्या बाईचं किंवा मुलाचं नाव आणि गावाचं नाव जाईल. बाईने केलं तर बाईचंच. दुसरं, ही वस्तू आधी काय होती ते लिहिलं जाईल: भाताच्या गिरणीचं बेअरिंग, शाळेच्या सायकलची चेन. झिजलेल्या लोखंडाचं मोल त्याच्या आयुष्यात असतं, मग ते आयुष्य सांगायला नको? तिसरं, किंमत तासांवर काढायची, वजनावर नाही. अंगठीला चार तास लागले तर चार तासांची मजुरी आधी मांडा, मग माल, मग दुकानदाराचा हिस्सा.

एवढं करून घरोघरी सुबत्ता येईल असं मी म्हणत नाही. वर्षातले दोन महिने जरी एखाद्या घराला भट्टीवर जावं लागलं नाही, तरी त्या घरातल्या मुलाची शाळा सुटत नाही. मला तेवढं पुरे वाटतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, लोक शेवटी सोनंच घेतात. लोखंडाचे दागिने घेणार कोण?

उत्तर: लग्नात घालायला कुणी घेणार नाही, बरोबर आहे. पण नोकरीवर, कॉलेजात रोज घालायला मुली काय वापरतात? मुलाम्याचं, काचेचं, लाकडाचं. तुमची स्पर्धा सोन्याशी नाहीच, या मालाशी आहे. जव्हारला पर्यटक येतात, तिथून सुरुवात करा. पहिल्या वर्षी वीस नमुने करा, त्यातले कोणते विकले जातात ते वहीत लिहा आणि मग पुढचं ठरवा.

प्रश्न: नटांवर वारली चित्रं कोरली तर खप वाढेल का?

उत्तर: कदाचित वाढेल. पण आधी विचार करा. लग्नाच्या चौकातली देवी पायाच्या पैंजणावर यावी का, हे मी सांगू शकत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मोखाड्याच्या बोहाड्यात कुठलं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं ना? तसंच इथेही काही आकार सगळ्यांचे असतात, काही नसतात. आणि माझं मत विचाराल तर नटाला त्याचं स्वतःचं रूप आहे. सहा बाजू, आतला पीळ. त्यावर दुसरं काही लिहायची घाई करू नका.

प्रश्न: (एक ताई) आम्हाला मशीन येत नाही. आम्ही यात काय करणार?

उत्तर: ताई, तुम्ही मणी ओवता का? ओवता. मग अर्धं काम तुम्हाला आधीच येतं. कुठल्या वायसराशेजारी कुठला मणी, माळ किती लांब, गाठ कुठे, हे ठरवणं म्हणजेच दागिना करणं. घासून देणारा मुलगा त्याच्या जागी महत्त्वाचा आहेच. पण माळेवर नाव लिहायची वेळ आली की दोन नावं लिहा, आणि तुमचं गाळू देऊ नका.